कंसातलं वाक्य

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका भांडणाला घाबरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हता, आणि नेमकं त्यांनाच सरकारने देशादेशांच्या भांडणात बसायला परदेशी पाठवलं. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमची आई तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवायची.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, गवताचे. कमी पावसाच्या जमिनीत कुठलं गवत तग धरतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. पण दारावरच्या पाटीवर नुसतं ‘डॉक्टर’ असल्यामुळे आठवड्यातून एखादा खोकणारा माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचाच. ‘मी तो डॉक्टर नव्हे’ असं तोंडावर सांगायचा त्यांना धीर होत नसे. मग ते त्याला आल्याचा काढा सांगत, माणूस बरा होई, आणि पुढच्या वेळी भावालाही घेऊन येई. त्यांची बायको, माझी जिवलग मैत्रीण, कपाळाला हात लावून म्हणायची, “अहो, आता कंपाउंडर तेवढा ठेवा की!” दूधवाला दुधात पाणी घालतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. डॉक्टरांनी त्याला दटावायचं ठरवलं, दोन दिवस तयारी केली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “काय हो, तुमच्याकडे पाऊस झाला वाटतं?” दुष्काळाचं वर्ष. तो बिचारा आभाळाकडे बघून म्हणाला, “कुटला पाऊस सायेब, ढग बी न्हाय!” विषय संपला.

रस्त्यावरून जाताना त्यांची मान कायम खाली. एकदा तर ऐन सात रस्त्याच्या चौकात त्यांनी सायकल आडवी टाकली आणि गुडघ्यांवर बसले. मागे टांगे, एसटी, हातगाड्या, सगळ्यांचा खोळंबा. पोलीस शिट्टी फुंकत धावत आला. “ओ सायेब, काय हरवलं काय?” डॉक्टर डांबराच्या भेगेतली गवताची काडी दाखवत आनंदाने म्हणाले, “हरवलं नाही हो, सापडलंय!” पोलिसालाही ते इतकं पटलं, की तोही वाकून बघू लागला.

पहिल्या परदेशवारीहून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक तिथल्या पेन्सिली, त्यातली एक तुमच्या आईने अजून जपून ठेवली आहे, आणि दुसरी म्हणजे कंसाचं वेड. वाळवंट कसं थोपवायचं यावरच्या त्या परिषदांची रीतच तशी. सगळे देश मिळून एक मसुदा लिहितात. ज्या शब्दावर कोणाचीही हरकत असेल तो कंसात टाकतात, आणि सगळ्यांची संमती मिळेपर्यंत कंस काढत नाहीत. कंसातल्या शब्दाला काही अंमल नाही. तो नुसता बसून राहतो. भांडायला घाबरणाऱ्या माणसाला ही पद्धत म्हणजे स्वर्गच वाटली. गल्लीतल्या नळावरच्या कटकटीवर डॉक्टरांनी तसाच मसुदा केला आणि घरोघर फिरवला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा ‘नळ’ आणि ‘सकाळी’ हे दोन शब्द सोडले तर सगळा मजकूर कंसात होता. डॉक्टर खूश! “वहिनी, दोन शब्दांवर एकमत झालं! तिकडे आठवडा लागला असता.” त्यांच्या घरात कारल्याची भाजीसुद्धा कंसात जाई. म्हणजे नको म्हणायचं नाही, फक्त ताटात तशीच बाजूला ठेवायची.

पण परिषदेच्या मसुद्यातलं एक वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आणि त्याच्यावर कोणीच हरकत घेतली नव्हती. शेळ्यामेंढ्या गवत मुळासकट खातात, वाळवंट वाढवतात, म्हणून कोरड्या मुलखातून कळप हलवावेत, असं ते वाक्य. पहिल्या परिषदेत ते सर्वांना फार आवडलं. डॉक्टरांनी ते सिद्ध करण्यासाठी वळसंग गावाजवळ माळाचा एक तुकडा तारेने बंद करून ठेवला होता. मेंढरांना आत मज्जाव. शेजारच्या उघड्या माळावर एका म्हातारीचा कळप चरायचा. तिला सगळे अव्वा म्हणत. दोन-तीन पावसाळ्यांनी डॉक्टर मला आणि तुमच्या आजोबांना तो तुकडा दाखवायला घेऊन गेले. तारेच्या आत गवत जून, करडं, मधूनमधून मेलेलं. बाहेर, जिथे मेंढरं चरली आणि बसली होती, तिथे हिरवंगार, कोवळं. डॉक्टर कितीतरी वेळ तार धरून उभे होते. अव्वा हसून म्हणाली, “डाक्टर, गवताला बी त्वांड लागतंय की कुनाचं तरी!”

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण पुढच्या परिषदेचा मसुदा टपालाने आला, आणि त्यात डॉक्टरांचं ते वाक्य जसंच्या तसं होतं, कंसाशिवाय. त्याच सुमारास वळसंगच्या गायरानाला कुंपण घालायचं ठरलं आणि मोजणीला माणसं आली. जगभरातले शास्त्रज्ञच असं सांगतात, असं त्यांनी गावाला सांगितलं. अव्वा थेट डॉक्टरांच्या ओट्यावर येऊन बसली. ती काही खोकत नव्हती.

“डाक्टर, गायरान बंद केल्यावर आमी मेंढरं घिऊन जायाचं कुटं?”

“मी ते वाक्य काढायला सांगतो,” डॉक्टर पुटपुटले.

“कुनी लिवलंय ते?”

डॉक्टर म्हणाले, “मीच.”

“मग तुमीच खोडा की!” अव्वा म्हणाली. तिला ते फार सोपं वाटलं.

दूधवाल्याला न बोलू शकणारा माणूस आता सगळ्या देशांसमोर उभा राहून स्वतःच्याच वाक्याला हरकत घेणार होता. पंधरा दिवस आमच्या ओसरीत तालीम चालली. मी अध्यक्ष, देवघरातली घंटा माझ्या हातात, आणि डॉक्टर लोकरीचा कोट घालून भर उन्हाळ्यात घाम पुसत खुंटीवरच्या छत्रीकडे बघून म्हणायचे, “अध्यक्षमहाराज, माझी हरकत आहे... म्हणजे, तुमची काही हरकत नसेल तर.” मी घंटा वाजवायची. “शेवटचं काढा, भावजी!” निघायच्या दिवसापर्यंत ते शेपूट काही सुटलं नाही.

तिथे काय घडलं ते त्यांनीच परतल्यावर सांगितलं. त्यांचं वाक्य पुकारलं गेलं. ते उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून पुडी काढली आणि टेबलावर पालथी केली. वळसंगच्या मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या. अध्यक्षांनी विचारलं, हे काय आहे? डॉक्टर म्हणाले, “हा माझा मुद्दा आहे.” आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, ते गवताबद्दल, मेंढरांच्या खताबद्दल आणि स्वतःच्या चुकीबद्दल वेळ संपेपर्यंत बोलले. वाक्य काही खोडलं गेलं नाही. पण कंसात गेलं.

घरी आल्यावर ते आधी वळसंगला गेले. आम्हीही बरोबर होतो. “अव्वा, खोडलं नाही, पण कंसात घातलंय,” ते ओशाळून म्हणाले. कंस म्हणजे काय हे तिला कळेना, तेव्हा त्यांनी काठीने मातीत दोन कमानी काढल्या. अव्वाने निरखून पाहिलं आणि शेजारी मेंढरं कोंडायला लावलेल्या दोरांच्या जाळीकडे, वाघरीकडे, बोट दाखवलं. “म्हंजे वाघर की! आत कोंडलं, आता कुनाच्या रानात शिरायचं न्हाय.” इतक्या वर्षांत कंसाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितला नव्हता. पुढे डॉक्टरांनी तो कंसातला मजकूर घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. वाक्य सर्वमान्य नाही म्हटल्यावर गायरानाच्या मोजणीची माणसं आली तशी गेली, आणि अव्वाचा कळप तिथेच चरत राहिला.

या सगळ्यामुळे व्हायचं तेच झालं. हरकत घेणारा शास्त्रज्ञ म्हणून डॉक्टरांचं नाव झालं आणि अशा वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीला बोलावलं. निरोप म्हणजे त्यांच्या दृष्टीने भांडणापेक्षाही अवघड. एके दिवशी मी शाळेतून आले तर शेजारच्या दाराला कुलूप, आणि आमच्या कडीत चिठ्ठी खोचलेली. ‘वहिनी, आम्ही (कायमचे) दिल्लीला जात आहोत.’

ते परत आले नाहीत. आता या जगातही नाहीत. ती चिठ्ठी मात्र माझ्याकडे आहे, आणि त्या एका शब्दाभोवतीचा कंस अजून तसाच आहे. तो काढायला सगळ्यांची संमती लागते. मी अजून दिलेली नाही.