न मोडलेलं घर

आमच्या धुलाई कारखान्यात तिला सगळे घडीमावशी म्हणायचे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे मळून यायच्या, कधी रक्ताने भरून यायच्या, आणि पांढऱ्याशुभ्र होऊन परत जायच्या. धुवायला यंत्रं होती, वाळवायला यंत्रं होती, इस्त्रीचा लांबलचक तापलेला रोलर होता. घडीला मात्र माणसंच लागायची, एका चादरीला दोन बाया. मी संघटनेचं काम अंगावर घेण्याआधी बरीच वर्षं तिच्या समोर उभी होते. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. माझं टोक कधीच नीट जुळलं नाही. तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मनगटाला हलका झटका द्यायची आणि माझी चूक आपल्या बाजूला ओढून घ्यायची.

कारखान्यातल्या पोरी म्हणतात, मावशीच्या नोटांच्या वस्तूंबद्दल लिही. नोटेचा सदरा, नोटेची होडी, सगळ्यांना त्याचं कौतुक. लिहिते. पण आधी एक सांगून ठेवते, त्या वस्तू काही हौस म्हणून सुरू झाल्या नव्हत्या. त्या सुरू झाल्या एका भांडणातून.

मावशीला एक धाकटी बहीण होती. मावशी एकटी, लग्न केलं नाही, जीव सगळा या बहिणीवर. धाकटीच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मावशी पगार झाला तशी तिच्या दारात गेली. बाहेर नळावर चार बाया भांडी घासत होत्या. मावशीने तिथेच, उंबऱ्याबाहेरून, तिच्या हातात नोटा कोंबल्या.

"घे. पोराला दूध आण."

धाकटीने मूठ उघडून पाहिलं, मग नळाकडे पाहिलं.

"सगळ्यांना दिसेल असं द्यायचं होतं का, ताई?"

"अगं, आत बोलावलंस तर आत देते."

"आता आतही नको आणि बाहेरही नको."

नोटा पायरीवर राहिल्या. मावशी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच भाचा धावत आला आणि त्या तिच्या पिशवीत कोंबून पळाला. त्यानंतर बरेच दिवस दोघी बहिणी बोलल्या नाहीत. मावशी चादरीच्या पलीकडून एवढंच म्हणाली, "पैसे दिले की देणाऱ्याचा हात वर राहतो गं. घेणाऱ्याला तेवढाच हात दिसतो."

मी म्हटलं, "मग नको देऊस. उपाशी राहून अक्कल येईल."

"तू पुढारीण होणार," ती म्हणाली. "तुला दुसऱ्याच्या उपासाचं काही वाटत नाही."

असं टोचून बोलायची ती, आवाज न चढवता.

भाच्याचा वाढदिवस आला तेव्हा तिने एका नोटेची होडी केली. पुठ्ठ्याच्या झाकणात निळा कागद अंथरला, त्यावर होडी ठेवली, आगकाडीचं शीड लावलं. धाकटीने झाकण उघडलं आणि तिला हसू आलं.

"आणि बुडाली तर गं, ताई?"

"बुडाली तर उलगड, वाळव आणि बाजाराला जा."

त्या दिवशी मावशीला आत बसवून चहा मिळाला. होडी दोन दिवसांत किराणावाल्याकडे पोचली. मावशीला वाटलं, सापडली युक्ती. मग ती तशीच देत राहिली. बटणांच्या बरणीत गुंडाळ्या लपवायची. रुमालांच्या खोक्यातून एक नोट ओढली की मागोमाग चिकटपट्टीने जोडलेली दुसरी, तिसरी निघायची, आणि धाकटी ओढता ओढता हसून लोळायची. एकदा छत्रीच्या काड्यांना दोऱ्याने नोटा बांधल्या. धाकटीने ती पंख्याखाली उघडली. नोटांचा असा फडफडाट झाला की शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे कबुतरं शिरली वाटतं.

कारखान्यात हे पसरायला कितीसा वेळ लागतो. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आम्ही वर्गणी काढायची आणि मावशीच्या ओंजळीत टाकायची. आमच्या रोलरवरच्या इस्त्रीवाल्याच्या लग्नात तिने नोटांचा सदरा केला, कॉलर आणि खिशासकट. पठ्ठ्याने तो टीव्हीवर ठेवला आणि महिनाअखेरीस माझ्याकडे उसने मागायला आला.

"अरे, टीव्हीवर सदरा आहे ना?"

"तो कसा मोडायचा बाई? कॉलर बघितली का तुम्ही?"

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मावशी हसली. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग बऱ्याच वर्षांनी संप झाला. मालकाने आमचे जादा तासांचे पैसे वर्षानुवर्षं दाबून ठेवले होते. आम्ही फाटकात बसलो, पावसात बसलो, पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या आणि उठलो नाही. थकबाकी रोख हातात पडली त्या दिवशी मावशीने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्या नोटा एकत्र पाहिल्या. त्याच आठवड्यात धाकटीच्या पोटात गाठ निघाली.

धाकटीचा नवरा केव्हाच वारला होता. भाचा एका भांड्यांच्या दुकानात हिशेबाला होता, पगार नावापुरता. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला महिने जाणार होते. खाजगीत आधी पैसे भरा, मग पलंग. डॉक्टर म्हणाला होता, थांबू नका.

मी मावशीला म्हटलं, "सरळ दवाखान्यात जा आणि खिडकीवर भर."

"तिला कळलं तर पलंगावरून उठून घरी जाईल. तू ओळखत नाहीस तिला."

"मग पाकिटात घालून दे."

"पाकीट परत येतं. परत करता येणार नाही असं काहीतरी करते."

तिने घर केलं. दोघी लहानपणी जिथे राहायच्या ते दोन खोल्यांचं घर. नोटांच्या भिंती, नोटांची कौलं एकावर एक खवल्यांसारखी, दार उघडणारं, खिडकी अर्धी लोटलेली, बाहेर बसायची एक पायरी. डिंकाचा थेंब नाही, कारण डिंकाने नोट खराब होते. घडीत घडी अडकवलेली. आणि सगळ्याची किल्ली त्या पायरीत. पायरी ओढली की दार सुटायचं, दार सुटलं की भिंत, मग छप्पर, एकही नोट न फाटता. तिने मला ते जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. मला कलाकुसरीतलं काही कळत नाही, आणि त्या नोटा आमच्या संपाच्या होत्या, म्हणून माझी छाती जरा फुगलीही. पण ते दार मी दोनदा उघडून मिटून पाहिलं हे खरं.

धाकटीने खोकं उघडलं आणि दार बोटाने हळूच लोटून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, हे आपलं घर. पायरीसुद्धा."

"पायरीच ओढायची आहे. ओढ, सगळं मोकळं होतं."

"ओढते. आज नको."

तिने काचेच्या कपाटातले कप बाजूला सारले आणि घर तिथे ठेवलं.

गल्लीतल्या बाया बघायला येऊ लागल्या. ज्या नळावर एकेकाळी धाकटीची मान खाली गेली होती, त्याच नळावरून आता लोक तिच्या दारात येत होते. ती पलंगावरून उठून एकेकीला दाखवायची, हे दार, ही खिडकी, इथे आम्ही दोघी वेण्या घालायचो. मी फाटकात मावशीला रोज एकच विचारायची, "ऑपरेशन कधी?" आणि ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात मोडणार आहे ती." असे कितीतरी पुढचे आठवडे गेले. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मावशी, ते शोभेचं नाही, औषधाचं आहे. तू जा आणि स्वतःच्या हाताने मोड."

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली ती खालमानेने. घर मोडलं नव्हतं, हे तिचं तोंड बघूनच कळलं.

पुढचं लवकर घडलं. दुखणं वाढलं तेव्हा भाच्याने दुकानाच्या मालकाकडून उचल घेतली आणि आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. उशीर झाला होता. ती घरी आली आणि कपाटासमोरच्या पलंगावरच वारली. शेवटपर्यंत घराकडे बघत होती, असं शेजारीण मला सांगायला लागली. मी तिला गप्प बसवलं.

काही दिवसांनी भाचा खोकं घेऊन कारखान्यात आला. घडीच्या टेबलापाशी उभा राहिला.

"मावशी, हे तुझं आहे."

"तुला माहीत होतं ना, हे पैसे आहेत म्हणून?"

"मला माहीत होतं. आईलाही. रोज रात्री म्हणायची, उद्या नक्की मोडू. सकाळी उजेड पडला की बघत बसायची आणि म्हणायची, आजचा दिवस राहू दे. मी एकदा हात घातला, तर मला शपथ घातली."

मावशीने खोकं पालथं केलं नाही. घर दोन्ही हातांनी बाहेर काढलं, पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि पायरी ओढली. दार सुटलं. भिंत आडवी झाली. कौलं एकामागून एक खाली आली. तिने योजलं होतं तस्संच सगळं झालं, एकही नोट फाटली नाही. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या होतो, रोलर तेवढा फिरत होता. तिने एकेक नोट तळव्याने सपाट केली, गठ्ठा केला आणि भाच्याच्या हातात दिला.

"दुकानवाल्याची उचल फेड."

त्याने घेतला. लहानपणी धावत येऊन पिशवीत कोंबणारा पोरगा, आता दाढीत दोन पांढरे केस आलेला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "पुढारीण, जरा हे धर."

मी संघटनेची कागदपत्रं बाजूला ठेवली आणि चादरीची दोन टोकं धरली. कितीतरी वर्षांनी.

ती पुढे येताना म्हणाली, "तू मोडायला पाठवलंस त्या दिवशी माझं बोट पायरीवर होतं."

मागे सरताना म्हणाली, "ती पलंगावरून म्हणाली, ताई, हात नको लावूस. माझ्यासाठी आयुष्यात कुणी एवढं केलं नाही."

"मग?"

"मग मी हात मागे घेतला."

"तिच्यासाठी."

"नाही गं. मला बरं वाटलं म्हणून. माझ्या हातांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला ते अजून थोडे दिवस ऐकायचं होतं."

माझ्याकडे भाषणं पुष्कळ असतात. सरकारी रांगेला शिव्या घालता आल्या असत्या, खाजगीवाल्यांना घालता आल्या असत्या, आणि त्या खऱ्याही होत्या. पण ती त्यांच्याबद्दल बोलत नव्हती. आम्ही टोकाला टोक लावलं. माझं नेहमीसारखं बोटभर मागे राहिलं. तिने झटका दिला नाही. चादर तशीच वाकडी घडी होऊन ढिगावर गेली.

त्यानंतर मावशीने नोट दुमडली नाही. कुणाच्या लग्नात वर्गणी निघाली की म्हणायची, पाकीट आणा दुकानातून. नव्या पोरी मागे लागायच्या, आम्हाला सदरा तरी शिकव. ती म्हणायची, विसरले. तिच्या बोटांना काही विसरता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

मागच्या थंडीत इस्त्रीवाल्याचा हात रोलरमध्ये गेला. मालकाने हात वर केले, आम्ही वर्गणी काढली. इस्त्रीवाला मानी माणूस. मी म्हटलं, "मावशी, एवढ्या एका वेळी काहीतरी कर. असं उघडं दिलं तर तो अंगावर येईल."

ती नोटांचा गठ्ठा घेऊन निघाली. मी मागोमाग. दवाखान्याच्या लांबट खोलीत दोन्ही बाजूंना पलंग, सगळ्यांवर आमच्याच चादरी. त्याचे मेहुणे, शेजारचे रोगी, सगळे बघत असताना तिने त्याचा चांगला हात उघडला, गठ्ठा ठेवला आणि बोटं मिटली.

"पैसे आहेत. औषधाला आहेत. आज खर्च कर."

त्याचा चेहरा लाल झाला. "भीक घालायला आलात का सगळ्यांसमोर?"

"हो," मावशी म्हणाली. "आज खर्च कर."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. "जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? केवढा लागला त्याला अपमान."

ती जिना उतरत होती, कठड्याला धरून. "लागू दे," ती म्हणाली. "रागावायला माणूस मागे राहावा लागतो."

इस्त्रीवाल्याचा हात आता बरा आहे, दोन बोटं वळत नाहीत एवढंच. पुन्हा रोलरवर उभा राहतो. चादरी काढून तो घडीच्या टेबलावर ठेवतो, मावशीच्या समोर, आणि तिच्याकडे न बघता मागे फिरतो. मावशी रोज मान वर करून तो गेलेला बघते, मग चादरीचं टोक उचलते.