सिमेंट न लावलेली फरशी

प्रेमानंदकाका मला पहिल्यांदा भेटले ते जमिनीतून उगवताना. संग्रामपूरजवळच्या आमच्या मळ्यात मी विहिरीच्या काठावर शेंगा खात बसलो होतो. पाताळातून चिखलाचं एक डोकं वर आलं, त्यात दोन डोळे उघडले आणि ते म्हणालं, "भाऊ, बिडी हाये का?" मी अशी किंकाळी फोडली की सातपुड्यातली अस्वलं मध्य प्रदेशात पळाली आणि जळगाव जामोदची बस इतिहासात प्रथमच वेळेआधी सुटली. वडिलांनी बुडालेली पाण्याची मोटार काढायला माणूस बोलावलाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

विहिरीतल्या मोटारी काढणं हा काकांचा धंदा आणि येशू ख्रिस्त हा त्यांचा विषय. एका मोटारीमागे एक प्रवचन फुकट.

"दोघं गाळ उपसायले विहिरीत उतरले, भाऊ. खाली हवा खराब, पडले बेशुद्ध. दोर एकच. तिसरा उतरला, त्यानं आपला दोर त्यांच्या कमरेले बांधला अन् वर हाक देल्ली, ओढा! आता समजलं, येशू काऊन मेला? दोर आपल्याले देऊन बसला."

"आणि मग?"

"मग आला ना तिसऱ्या दिवशी वर! कोणी न ओढता."

"तुमच्या धंद्यात असं कुणी आलंय वर?"

"माह्या धंद्यात मोटारच येते बे!"

कलाबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातच ओरडायची, "आधी आंघोळ, मग येशू!" ती वारली तेव्हापासून प्रवचन आखूड झालं. "तिच्या कमरेले दोर बांधेल हाये, भाऊ," एवढंच म्हणायचे. "ओढायचं तेवढं राह्यलं."

त्यांची मुलगी संजीवनी नागपूरला नर्स. आईची कबर फरशी घालून पक्की करायची, असं तिनं ठरवलं. काका अडून बसले.

"तुह्या आईचे गुडघे ठाऊक हायेत ना तुले? पाटावरून उठताना माह्या खांद्याले धरे. उठायच्या दिवशी फरशी कशी उचलन ते?"

"पप्पा, उठवणारा देव आहे. त्याला फरशी जड होणार आहे का?"

"येशूच्या कबरीचा धोंडा सरकवाले देवदूत आला होता. आपल्या गावात पाण्याचा टँकर येत नाही, दूत कुठून यीन?"

शेवटी तडजोड झाली. फरशी ठेवायची, पण सिमेंट लावायचं नाही.

ईस्टरला इथली ख्रिस्ती मंडळी पहाटे कब्रस्तानात जमते. कबरींवर फुलं, मेणबत्त्या, उजाडताना उपासना. काकांना सगळ्यांच्या आधी पोचायचं असे. त्या वर्षी माझ्या स्कूटरवर मागे बसले. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर थर्मास, खिशात दोन कप. "कलीले उठल्याबरोबर चहा लागते. चहाच्या आधी ते देवाशीही धड बोलत नाही."

आत गेलो तर कबरीवर फरशी नव्हती.

काकांनी थर्मास हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी केस बसवले.

"कले?" स्वयंपाकघरात डोकावून हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली. कडुलिंबामागे जाऊन पाहिलं. मग गुडघे टेकून माती चाचपली. माती जशीच्या तशी होती. फरशीचा चौकोन तिच्यावर उमटलेला, आणि त्यातून मुंग्यांची रांग चाललेली.

हाताची माती झटकत ते म्हणाले, "धोंडा तर सरकला, भाऊ. आता तिचाच उशीर हाये. कुठं जायचं म्हटलं की तयार व्हायले असाच येळ लावे."

त्यांनी दोन कप भरले. एक स्वतः घेतला, दुसरा त्या चौकोनाशेजारी ठेवला. मला विचारलंही नाही. मंडळी गात गात आली तेव्हा काका सगळ्यांहून मोठ्यानं गायले. नजर मात्र मातीवरून हलली नाही.

फरशी महिन्याभरानं नाल्यापलीकडे एका घरी सापडली. तिच्यावर कपडे धूत होते.

काका पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. संजीवनीनं दोघांवर मिळून एकच फरशी घातली आहे. तिला सिमेंट लावलं आहे.