राजीखुशीने

परवा बँकेत कुणीतरी स्टँप पॅडचं झाकण उघडलं आणि त्या जांभळ्या शाईच्या वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. हिंजवडीत नोकरी लागलेला जो तो कोथरूडात फ्लॅट शोधत होता, तेव्हाची गोष्ट. आमचं बैठं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. वडिलांमागे त्या घरावर आम्हा दोघा भावांबरोबर थोरल्या बहिणीचंही नाव लागलं होतं आणि ती जन्मापासून मतिमंद. "तिला विचारू या का?" असं मी म्हटलं, तर दादा म्हणाला, "अरे, तिला काय कळतंय?" कोर्टाकडून तिच्यासाठी पालक नेमून घ्यायला वर्ष गेलं असतं, म्हणून एजंटानं सुचवलं, "कशाला कोर्ट? अंगठा घेऊन टाका." ताई बिचारी फिरायला जायचं म्हणून अबोलीची वेणी माळून निबंधक कचेरीत आली. दस्तात छापलेलं होतं, 'मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने.' म्हणजे विचारायच्या वेळी तिला काही कळत नव्हतं आणि अंगठ्याच्या वेळी सगळं कळत होतं! समोरच्या साहेबानं मानसुद्धा वर केली नाही. अंगठा उमटल्यावर एजंट म्हणाला, "पुसा केसांना." वेणीला शाई लागू नये म्हणून तिनं तो पदराला पुसला आणि मला विचारलं, "आता माझी खोली कुठे?" अख्ख्या कचेरीत मुद्द्याचं बोलणारी ती एकटीच होती. आजही आधी चीड येते ती दादाची, एजंटाची, त्या साहेबाची. मग आठवतं, तिचा अंगठा कागदावर दाबून धरणारा हात माझा होता.