रीत कोणाला विचारली?

रुक्मिणी गेल्याचं मला हिंगोलीच्या कोर्टातच कळलं. तिच्या भावाचा फोन आला. "ताई, अक्का गेली..." एवढंच बोलला. समोर पुकारा चालूच होता. महिना उलटला, तरी आम्हा दोघींच्या ऑफिसच्या जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळते...

वकिली शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती कळमनुरीकडची, आंध आदिवासी; घरातली पहिली वकील. एकदा सर सांगत होते, गोऱ्या साहेबांच्या राज्यात आदिवासींच्या रूढी चार पुढाऱ्यांना विचारून लिहिल्या गेल्या. राज्य गेलं, पण कायदा अजून तेच लिखाण खरं मानतो. रुक्मिणी उभी राहिली. "सर, बायांना काहून न्हाई इचारलं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "ते तूच शोध," म्हणाले.

शोधायची वेळ आली ती गिरजाबाईच्या दाव्यात. विधवा, मूलबाळ नाही. दीर म्हणे, आमच्यात बाईला वावर मिळत नाही. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, रूढी शाबीत करावी लागते. दिराच्या वकिलाने जुनं साहेबी पुस्तकच वाचून दाखवलं. रुक्मिणी वाड्या-वस्त्या हिंडली, चुलीपाशी बसली आणि नवऱ्यामागे वावर कसलेल्या म्हाताऱ्यांना साक्षीला घेऊन आली.

"हे कुठं लिहिलंय?" वकिलाने एकीला हटकलं.

"लिहाया आमच्याकडं आलं व्हतं कोन?"

तरीही गिरजाबाई दावा हरली. बाहेर रसवंतीवर बसून रुक्मिणी रडली. "आपल्या बोलण्याला हे पुरावाच म्हणत न्हाईत गं." मग डोळे पुसून अपिलाचं बोलायला लागली. अपिलात त्या साक्षी मानल्या गेल्या, वावर गिरजाबाईकडे राहिलं. तोवर रुक्मिणीचं केमो सुरू झालं होतं. निकालाला ती डोक्याला रुमाल गुंडाळून आली. गिरजाबाईने त्याच वावरातल्या ओल्या हळदीचं कांड तिच्या हातात दिलं. ते तिने कितीतरी वेळ नाकाशी धरून ठेवलं...

अशील बाई आली की रुक्मिणी तिला टेबलापलीकडे बसवत नसे. खुर्ची ओढून आपल्या शेजारी घ्यायची. ती खुर्ची मी हलवलेली नाही. परवा वाडीवरची एक बाई आली, दारातूनच म्हणाली, "वकीलबाई कुटं हायत?"

मी खुर्चीकडे हात केला.

"बसा. तुमच्यात काय रीत हाय, ते सांगा."