बोटीचा टप

मी ऑटोचे टप शिवते. आदिलाबादेत बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. हे काम बापाकडून शिकले. रेक्झिन कापायचं, पाइपावर ताणून बघायचं, जाड सुईच्या मशीनवर दुहेरी शिलाई मारायची. जिल्ह्यातले कितीतरी ऑटो माझ्या हाताखालून गेलेत, नार्नूर-उटनूरकडच्या जीपासुद्धा. बोटीचा टप मात्र मी एकच शिवला. खरं म्हणजे दोन. पहिल्याची आठवण निघाली की अजून माझे दात आवळतात.

बोट होती हैदराबादच्या एका माणसाची. त्याने आमच्याकडच्या धरणाच्या तलावाचा ठेका घेतला आणि तिथे पाण्यातले खेळ सुरू केले. पायांना फळी बांधून, हातात दोरी धरून पाण्यात बसायचं; बोट जोरात ओढते, मग माणूस लाटेवर उभा राहतो. त्यासाठी बोटीच्या मध्यावर एक उंच लोखंडी कमान असते, दोरी त्या कमानीला बांधतात. कमानीच्या पुढे ड्रायव्हरची खुर्ची, मागे पाहुण्यांची बाकं. सगळी वरून उघडी.

ती बोट माझा नवरा चालवायचा. त्याचं घराणं त्याच तलावात मासे धरणारं. कुठे पाण्याखाली झाडांची खुंटं आहेत, कुठे अचानक उथळ होतं, सगळं त्याला पाठ. म्हणून मालकाने त्याला ठेवलं. हिवाळाभर मजेत गेलं. मीही दोन-चारदा त्याच्या शेजारी बसून फिरले, लिव्हर पुढे-मागे कसा करायचा ते पाहिलं. होळी झाली आणि ऊन तापलं. पाहुणे कुरकुरायला लागले, तेव्हा मालकाला सावली आठवली. ड्रायव्हरची बायको टप शिवते हे त्याला कोणीतरी सांगितलं आणि तो माझ्या दुकानात आला.

मी काम मनापासून घेतलं. एका दुपारी जुनी चादर आणि सुतळी घेऊन तलावावर गेले. कमानीला चादर बांधली आणि ड्रायव्हरच्या खुर्चीत बसले. मग मागच्या बाकावर. सावली कुठे पडते तिथे खडूने खुणा करत गेले. बोट गोल गोल फिरते, त्यामुळे ऊन एकाच बाजूने येत नाही. वर दोरी मोकळी राहायला हवी, म्हणजे कापड कमानीच्या खालून न्यायला हवं. वेगात वारा भरला तर कापड फुग्यासारखं होईल, म्हणून मध्ये जाळीची एक पट्टी ठेवायची. काळा रंग नको, खाली भट्टी होते. पांढरा नको, पाण्याची चमक उलटून डोळ्यांत जाते. मी मातकट रंगाचा जाड कॅनव्हास निवडला आणि कागदावर आकृती काढली. ड्रायव्हरच्या खुर्चीपासून शेवटच्या बाकापर्यंत एकच लांब छत.

मालकाने कागद पाहिला आणि हसला. "मेडम, ये तो ऑटो हो गया. लोगां फोटो निकालते. बोट का लुक होना."

त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. कमानीपासून मागे गेलेला काळा, तुकड्याएवढा टप. फक्त पाहुण्यांच्या बाकांवर.

मी विचारलं, "और ड्रायव्हर?"

"उसकू टोपी दिये ना कंपनी की."

ती टोपी म्हणजे पुढे एक चोच आणि कपाळावर चित्र. आमच्याकडे उन्हात माणूस डोक्याला, कानाला दस्ती गुंडाळून घेतो, चांगली हातभर रुंद सुती दस्ती. ती गुंडाळायला मालकाने मनाई केली होती. पाहुण्यांसमोर गावठी दिसतं म्हणे.

माझा नवरा तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बोटीच्या दोरीची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. मी आणखी एकदा म्हणाले, "साहेब, मई में इधर बहुत धूप पडता." मालकाने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "नहीं होता तो बोलो, हैदराबाद से रेडिमेड मंगा लेता."

मी नाही म्हटलं नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. मी दुकानात आले आणि काळ्या कापडात कात्री घातली.

नवऱ्याशी मात्र भांडले. "तुमी काऊन बोलले नाही? डोकं तुमचं हाय ना?"

तो म्हणाला, "जाऊ दे वं. उनाची सवय हाय आपल्याले. बाप-आज्यानं काय छत्र्या घेऊन मासे धरले?"

"थे सकाळी जाळं ओढून घरी येत होते. भर दुपारी गोल गोल फिरत नव्हते."

त्याने कूस बदलली. असा राग येतो मला त्या सवयीचा!

मे महिना आला. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा नाक सोललेलं, डोळे लाल. जेवण कमी झालं. मी भिजवलेली दस्ती बांधून द्यायचे, ती तो काठावरच ठेवून बोटीत चढायचा. एका रविवारी टपाची दोन बटणं तुटल्याचा निरोप आला, म्हणून मी हत्यारं घेऊन गेले. पाहुणे थांबायला तयार नव्हते. मालक म्हणाला, चालत्या बोटीतच बसवा.

म्हणून मी मागच्या बाकावर, माझ्याच हाताने शिवलेल्या सावलीत बसले होते. शेजारी एक गृहस्थ, बायको आणि थंड पाण्याची पेटी. त्यांची कॉलेजातली मुलगी मागे फळीवर होती. माझ्यासमोर, चार हातांवर, कमानीच्या पलीकडे माझा नवरा. त्याच्या मानेवर घामाचा थेंब नव्हता. कातडी कोरडी, तांबडी. बटण ठोकता ठोकता माझ्या ते लक्षात आलं. मी हाक मारली, "अजी, पाणी प्या जरा." त्याने मान वळवली, पण मला ओळखल्यासारखं पाहिलं नाही.

तेवढ्यात मुलगी पडली. फळीवरून पडणं नेहमीचंच, जाकीट असतं, माणूस तरंगतो. बोट वळवून हळू जवळ न्यायची. त्याने वळवली. पण वेग कमी केलाच नाही. बोट सरळ त्या मुलीच्या दिशेने निघाली. तिने दोन्ही हात वर केले. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. माझा आवाज ऐकून म्हणा, की सवयीने म्हणा, त्याचा हात चावीपर्यंत गेला आणि इंजिन बंद पडलं. बोट तशीच सरकत तिच्यापासून हातभर अंतरावरून पुढे गेली. आणि तो स्टेअरिंगवरून घसरून खाली पडला.

गृहस्थ उठून ओरडले, "पिया है क्या? साला पी के बोट चलाता!"

मी नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला मागे ओढत होते, सावलीत आणायला. त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं. बाक रिकामं नव्हतं. गृहस्थांनी पाय काढले नाहीत. मी म्हणाले, "पाय काढा." मराठीतच म्हणाले. त्यांना भाषा कळली नसेल, पण पाय काढले.

मुलगी पोहत येऊन वर चढली होती. तिने ओल्या हाताने त्याचं कपाळ पाहिलं. "पप्पा, दारू नहीं है. इनका बदन जल रहा है." तिने पेटीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतलं, टॉवेल भिजवून मानेखाली दिला. जिला तो चिरडणार होता, त्या मुलीने. मी तिला नंतर कधी भेटले नाही.

बोट किनाऱ्याला न्यायला हवी होती. कोणाला चालवता येत नव्हती. मी ड्रायव्हरच्या खुर्चीत बसले. लुगड्यातून खुर्चीचं काळं रेक्झिन मांड्यांना भाजलं. स्टेअरिंग धरलं तर हात उचलावा लागला. पदर गुंडाळून पुन्हा धरलं. समोरची काच, पाणी, लिव्हरची चकाकती दांडी, सगळीकडून ऊन तोंडावर येत होतं. मी तिथे जेमतेम दहा मिनिटं बसले असेन. तो रोज सहा-सात तास बसत होता. त्या दहा मिनिटांत मी मालकाला शिव्या दिल्या, नवऱ्याला दिल्या आणि मग माझ्या कात्रीला.

बोट काठावर धडकली. मालक धावत आला, वाकून बोटीचा पुढचा भाग पाहिला. "बोट को कुछ लगा?" हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य गृहस्थांना होतं: "सॉरी सर, ये लोगां ऐसेच है, सुबह से पी लेते."

माझा नवरा एकादशी-चतुर्थी सोडा, कधीच दारूला शिवत नाही. मी मालकाच्या अंगावर गेले. गावातल्या दोघांनी मला धरलं नसतं तर काय केलं असतं ठाऊक नाही. मग ऑटो आला, आम्ही दवाखान्यात पोचलो. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता. बर्फ, सलाइन, तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला आणि पहिलं काय म्हणाला? "मालकाचा काय दोष. मीच पाणी कमी पेलो."

मी हातातली वाटी आपटली. पेज भिंतीवर उडाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "पुन्हा असं म्हणाल तर मी इथंच सोडून जाईन," मी म्हणाले. तो रडायला लागला. मग मीही.

घरी आल्यावर मी तलावाकाठच्या गावात गेले. ती बोट चालवू शकतील अशी तिथे दोनच माणसं होती, दोघंही नवऱ्याच्या नात्यातली. बोट चालवायला या, असा मालकाचा निरोप दोघांकडे आधीच पोचला होता. मी अंगणात उभी राहून सांगितलं, "खुर्चीवर सावली झाल्याबिगर कोणी बसू नोका. माणूस मरता मरता वाचला माझा." एकजण कुरकुरला, उन्हाळ्याचं काम जाईल म्हणाला. त्याची बायको घरातून म्हणाली, "जाऊ दे गेलं तं." आणि विषय संपला. भर सुट्टीत ती बोट तीन रविवार काठाला बांधून राहिली.

चौथ्या आठवड्यात मालक दुकानात आला. "मेडम, आप जैसा बोले थे वैसाच बना दो."

मी म्हणाले, माप घ्यावं लागेल, तुम्ही खुर्चीत बसा. दुपारी बाराला. त्याला बसवलं. मी टेप काढला, माप घेतलं, विसरले, पुन्हा घेतलं. कमानीची उंची, काचेची रुंदी, खुर्चीपासून कमान. तो चुळबुळायला लागला, टोपी उलटी केली, मग उठलाच. बाटलीभर पाणी मानेवर ओतून झाडाखाली जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. एक शब्द. तो म्हणाला, "कितने दिन लगते?"

टप मी शिवला. माझ्यासाठी नाही, मालकासाठी तर नाहीच. त्या खुर्चीत जो कोणी बसेल त्याच्यासाठी. चांगला शिवला. दोरी ओवायच्या पितळी रिंगा नवऱ्याने दुकानात बसून ठोकल्या. त्याला आता उन्हात दहा मिनिटंही उभं राहवत नाही, भोवळ येते. तो माझ्याकडेच काम करतो, तलावाकडे जात नाही.

बोट अजून चालते. पण "पिऊन होता" हे मालकाचं वाक्यही अजून चालतंच. ते त्याने मागे घेतलं नाही, आणि गावोगाव पोचलं. परवा मंडईत ओळखीची भाजीवाली वांगी जोखता जोखता सहज म्हणाली, "आता सोडली न त्याईनं?"

"काय सोडली?"

"दारू."

मी तागडीतली वांगी तशीच सोडली आणि तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. खुर्ची, टोपी, काळं कापड, सगळं. मोठ्याने. आजूबाजूच्या चार बाया थांबल्या, एक तेलुगू मास्तरही थांबला. सांगून झाल्यावर भाजीवाली म्हणाली, "मले काय माहीत बाई, लोक म्हंतेत." मी म्हणाले, "आता तुले माहीत झालं. आता लोकाईले तू सांग."

रिकाम्या पिशवीने दुकानात आले. नवरा रिंगा ठोकत होता. "भाजी?" त्याने विचारलं. "नाही भेटली," मी म्हणाले, आणि मशीनवर बसले.