परसातलं दार

मेहुणेबुवा,

पाहुण्यांना घर दाखवताना तुम्ही लावता ती टकळी मला पाठ आहे. शंभर वर्षांचं उपनगर, नक्षीचे कठडे, आणि एकाच गल्लीत नाना भाषांची, नाना धर्मांची माणसं! त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा, मी कोपरापासून हात जोडीन.

ज्यांनी हा गृहस्थ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धंदा चष्म्यांचा. जगाला लांबचं दाखवण्यात जन्म गेला, स्वतःला उंबऱ्यापलीकडचं दिसत नाही.

हे घर घ्यायचा हट्ट धाकटीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा. ती शिवणकाम करते. या गल्लीतली सगळी परसं मागच्या एका बोळात उघडतात. येणंजाणं तिथूनच, पुढचं दार परक्यांसाठी. धाकटीला तेच हवं होतं. मागच्या पडवीत मशीन, बायका मापं देताहेत, गप्पा चालल्यात.

मेहुणेबुवांनी पहिल्याच आठवड्यात परसातलं ते दार उखडून तिथे भिंत घातली. "कोणीही घुसेल हो! काय एकेक माणसं आहेत इथे!" मिरवायची तीही हीच माणसं, बरं का. उखडलेलं दार ठेवायला आलं माझ्या घरी, जिन्याखाली.

पुढच्या दारी जाणं गिऱ्हाइकांना परकं वाटे. मग धाकटी स्टुलावर चढून भिंतीवरून कपडे देऊ-घेऊ लागली. एके दुपारी स्टूल कलंडलं. किंकाळी ऐकून शेजारची पाववाली, हाताला पीठ तसंच, वळसा घालून पुढे धावली. मेहुणेबुवांनी दाराच्या भिंगाला डोळा लावला.

"कोण? काय काम आहे?"

"बायको पडलीय तुमची, हे काम आहे!"

"पण आपण कोण?"

"भिंतीला भिंत लागून राहते मी, साहेब! उघडा, नाहीतर लाथ घालते!"

धाकटीचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती माझ्याकडे आली, ती बजावूनच: दार बसेल तेव्हा परत येईन. तिला सोडायला आलेल्या मेहुणेबुवांचा आवाज एकदम मऊ. "ताई, रविवारी टेम्पो आणतो. दार नेतो, हिलाही नेतो."

बुवा, प्लास्टर कधीच निघालं. धाकटीनं मशीनही इकडेच आणवलं. पाववाली कापड घेऊन इथवर येते. तिच्याकडूनच कळलं, त्या भिंतीला तुम्ही नवा रंग दिलात म्हणे. टेम्पो काही आला नाही. दार जिन्याखाली उभं आहे.