फेटलिंगचा नाना हिमालयात

चाकणला कंपनीच्या गेटसमोर आमची टपरी आहे. म्हणजे मालक दुसराच, पण फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तासभर ती आमचीच! तिथं नानाचा एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतोच. कोणी ठरवून सांगत नाही राव. शेजारच्या बाकड्यावर एखादा जोरात खोकला तरी आम्हाला तेवढं पुरतं. हल्ली नाना टपरीवर येत नाही, तळेगावच्या पलीकडं गावात घरीच असतो. येत होता तेव्हा स्वतःचे किस्से स्वतःच सांगायचा, आणि आमच्यापेक्षा कितीतरी झकास सांगायचा.

नाना फाउंड्रीत फेटलिंगला. म्हणजे ओतलेल्या कास्टिंगला वाळू चिकटते, ती ग्राइंडरनं घासून काढायची. उभी हयात त्या धुळीत गेली त्याची. तोंडाला रुमाल आणि भुवया कायम पांढऱ्या. मी मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. कामापुरता तिथं जायचो आणि नाक दाबून परत यायचो.

*

आमच्याकडं मेडिकल म्हणजे जत्रा असते. रांग, गोंधळ, बिस्किटाचे पुडे. छाती तपासायला एका पाइपमध्ये फुंकायचं, की मशीन आकडा दाखवतं.

नाना खुर्चीत बसला. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काका, जोरात फुंका." नानानं गाल फुगवले, डोळे वटारले, मान लाल केली. मुलगी मशीनकडं बघतच बसली. मग वैतागून म्हणाली, "काका, फुंका ना आता!"

नाना म्हणाला, "फुकलं की!"

अख्खी रांग हसली. नाना सगळ्यात जास्त हसला, आणि हसता हसता त्याला जी ढास लागली ती थांबेचना.

डॉक्टरनी आत बोलावून सांगितलं, छातीत धूळ बसलीय, ती आता निघायची नाही, हे काम सोडा. ते नानानं ऐकलंच नाही. बाहेर कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर म्हणाला, "दिवाळीनंतर परत टेस्ट. नापास झालास तर काम बंद." ते मात्र त्यानं नीट ऐकलं.

आम्ही सहाजण तेव्हा हिमाचलमधल्या एका रेसची तयारी करत होतो. एका गावातून निघायचं, उंच खिंड ओलांडायची, डोंगराला वळसा घालून त्याच गावात परत यायचं. पुढच्याच रविवारी नाना कॅनव्हासचे बूट घालून आमच्यात हजर!

"मी बी येतो. हिमालयात पळून आलेल्या माणसाला अनफिट म्हणायची कुणाची टाप हाय?"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

प्रॅक्टिसला आम्ही घोराडेश्वरच्या डोंगरावर जायचो. नाना पळायचा नाही, चालायचा, तेही थांबत थांबत. सगळ्यात शेवटी. झाडीत दिसायचा नाही, पण खोकला ऐकू यायचा. त्यावरून आम्ही अंदाज बांधायचो, आता पायऱ्यांवर आलाय, आता वळणावर. योगेश म्हणायचा, "नानाचं जीपीएस चालू आहे तोवर टेन्शन नाही!" हा योगेश क्वालिटीला आहे, आमच्यातला सगळ्यात तरणा आणि सगळ्यात फास्ट.

एका रविवारी खोकला थांबला. आम्ही वर बसून केळी खात होतो. सगळेच एकदम उठलो आणि खाली पळत सुटलो. माझ्या आयुष्यात मी एवढा जोरात कधी पळालो नसेन.

नाना एका दगडावर पाय सोडून बसला होता, एका शेळ्यावाल्याशी गप्पा मारत. आमची तोंडं बघून म्हणाला, "काय रं? कुनी मेलं का?"

आम्ही सांगितलं, तुझा खोकला ऐकू येईना.

"आरं, आज जरा बरं वाटत हुतं," नाना म्हणाला. "तुमाला त्ये बी बघवना व्हय?"

*

योगेशनं ऑनलाइन एक मास्क मागवला. उंचावर हवा विरळ असते, त्याची सवय व्हावी म्हणून. तोंडाला लावला की श्वास घेताना जीव निघतो. आम्ही आळीपाळीनं लावून पाहिला आणि शिव्या घालत काढला. नानानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, योगेशकडं पाहिलं.

"म्हंजी दम लागावा म्हणून हे इकत आनलं?"

"हो नाना."

"आरं येड्या! माज्या खात्यात आठ तास हुबा ऱ्हा की. फुकाट मिळतंय!"

*

रेसला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. ग्रुपमधले आम्ही दोघं म्हणालो, बरं झालं, नाना इथंच अडकेल, आपल्याला वाईटपणा नको. कसलं काय! पिंपरी कॅम्पातल्या एका दवाखान्यात तो गेला आणि पाच मिनिटांत सही-शिक्का घेऊन आला.

"तपासलं तरी का त्यांनी?" मी विचारलं.

"तपासलं की! म्हनले, जिन्यानं आला का लिफ्टनं? मी म्हनलं जिन्यानं. म्हनले, झालं तर मग!"

दवाखाना तळमजल्यावर होता.

*

आम्ही निघालो तेव्हा वहिनी, म्हणजे नानाची बायको, गाडीपर्यंत आली. तिनं नानाला अडवलं नाही. अडवून थकली होती बिचारी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, तिकडं काय झालं तर?"

मी तिला धीर द्यायला म्हणून सगळं वाढवून सांगितलं. डॉक्टर असतो, गाडी असते, तंबूत ऑक्सिजनचा सिलिंडर असतो.

"सिलिंडर हाय?" तिचा चेहरा जरा उजळला. "मंग ऱ्हाऊ द्या त्यास्नी चार दिस जास्त."

पूर्ण प्रवासात मला ते वाक्य टोचत होतं.

*

रेसच्या गावात पोहोचलो आणि उंचीनं सगळ्यांचीच वाट लागली. कोणाचं डोकं दुखतंय, कोणाला उलट्या. योगेश तेवढा ठणठणीत. रेसच्या डॉक्टरीणबाई बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन तपासत होत्या. नानाच्या बोटावर मशीन काही दाखवेचना. ग्राइंडर धरून धरून बोटं लाकडासारखी झालेली. बाईंनी एक बोट पाहिलं, दुसरं पाहिलं, मशीन झटकलं.

"बिघडलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"मशीन चांगलं हाय बाई. माल जुना हाय!"

शेवटी करंगळीवर आकडा आला. बाई तो आकडा बघून हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, उद्या पहिल्या गाडीनं खाली जायचं. नानानं हात जोडले. एवढा बोलका माणूस, नुसते हात जोडून उभा! मला बघवेना. मी म्हटलं, मी माझी रेस सोडतो, ह्याच्याबरोबर चालतो. बाईंनी तो आकडा परत एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "खिंडीखालच्या तंबूपर्यंत. चालत. तिथून माघारी. खिंडीत पाऊल टाकलंत तर मी रेस थांबवीन."

नाना बाहेर येऊन म्हणाला, "तंबूपातुर गेल्याला कोन फिट म्हनंल रं?"

*

हा शेवटचा किस्सा आम्ही टपरीवर सहसा काढत नाही.

रेसच्या दिवशी योगेश हां हां म्हणता दिसेनासा झाला. मी आणि नाना मागे. चार पावलं चालायचं, काठीवर वाकून उभं राहायचं, परत चार पावलं. आता तरी म्हणेल, चल परत, अशी मी वाट बघत होतो. सबंध चढावर तो एकदाच बोलला. "तंबूवाल्याचा डोळा लागला आसंल, तर आपुन तिकडून सटकू." मला हसू आलं, पण तो थट्टा करत नव्हता.

तंबूत गेलो तर आत योगेश! जमिनीवर पडलेला, ओठ निळे, डोळे भेदरलेले. तंबूतला माणूस वायरलेसवर ओरडत होता. तिथला सिलिंडर आधीच दुसऱ्या कोणाला लावून खाली नेला होता. दुसरा घेऊन माणसं निघाली होती, पण त्यांना वेळ लागणार होता. योगेशनं माझं मनगट धरलं. "भाऊ, श्वासच येईना. मेलो मी." मी आपला "काही होत नाही, काही होत नाही" करत राहिलो.

नाना दारात उभा होता. समोर खिंड, तिच्यावर लावलेले झेंडेसुद्धा दिसत होते. अडवायला कोणी नव्हतं. त्यानं एकदा खिंडीकडं पाहिलं, एकदा आत पाहिलं. मग काठी टाकली, मला बाजूला सारलं आणि योगेशजवळ बसला.

"उठून बस. आडवा हू नगं, आडवं झालं की ज्यादा दाबतं. म्होरं वाक. कोपरं गुडघ्यावं टेक. हां. आता हवा घ्यायचं बघू नगं, आदी सोड. व्हट आवळून सोड, गरम च्या फुकल्यागत. सोड. आजून सोड. बोलू नगं. रडू बी नगं, रडल्यानं लई लागतं. कायतरी दुसरंच बघत ऱ्हा, त्यो तंबूचा दोर हलतोय बघ, त्यो बघ."

एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला! प्रत्येक वाक्यानंतर तो स्वतः थांबत होता. पण योगेशनं ऐकलं. दोर बघत बसला. हळूहळू त्याचे खांदे खाली आले, माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

खूप वेळानं त्यानं मान वळवून विचारलं, "नाना, हे कधी जाणार?"

नाना त्याची पाठ चोळत होता.

"तुजं व्हय?" नाना म्हणाला. "तुजं खाली उतारला की जातंय."